९.७७३०६५५ मधले किती अंक खरे?

एक संदेश सध्या बराच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॅल्क्युलेटर आठ-दहा अंक देतो आणि शिक्षक त्यातले निम्मे खोडायला लावतात, म्हणजे हाती आलेली अचूकता फेकूनच देतात. ३७ लिहा की ३७.०, फरक शून्य. आणि खरे वैज्ञानिक प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा नऊ अंकी सांगतात, ते कुठे काय खोडतात?

आधी त्या खोडलेल्या अंकांचं बघू. साधा दोलक घ्या. लांबी ८२.० सेंटिमीटर, २० आंदोलनांना ३६.४ सेकंद, म्हणजे आवर्तकाल (एका आंदोलनाला लागणारा वेळ) १.८२ सेकंद. सूत्रात घातलं की गुरुत्वत्वरण येतं ९.७७३०६५५ आणि पुढे शेपूट. आता स्टॉपवॉच दाबणाऱ्या अंगठ्याकडे बघा. सुरू करताना आणि थांबवताना मिळून ०.२ सेकंद सहज इकडेतिकडे होतात. ३६.२ धरलं तर उत्तर ९.८८, ३६.६ धरलं तर ९.६७. इथे दुसरा अंकच डळमळतोय आणि आपण सातव्यासाठी हळहळतोय! ते मागचे अंक दोलकातून आलेलेच नाहीत, ते भागाकारातून आलेत.

खरं तर पाठ्यपुस्तकातला सार्थक अंकांचा नियमही (मापांत जितके भरवशाचे अंक, तितकेच उत्तरात ठेवायचे) इथे जरा उदारच आहे. सगळी मापं तीन अंकी, म्हणून उत्तर ९.७७. पण अंगठ्याचा हिशोब धरला तर प्रामाणिक उत्तर ९.८, अधिक-उणे ०.१. तो नियम म्हणजे घाईच्या वेळचा ठोकताळा. पुढचा अंक हवाच असेल तर २० ऐवजी १०० आंदोलनं मोजा. अंगठा तेवढाच चुकेल, पण ती चूक शंभरांत वाटली जाईल आणि अनिश्चितता ०.०२ च्या आसपास येईल.

अंक खोडण्याबद्दलची एक तक्रार मात्र रास्त ठरली असती. गणित चालू असताना मधल्या पायऱ्यांवर अंक छाटू नयेत, ते शेवटीच छाटावेत. ही तक्रार कुणी केली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

३७ आणि ३७.० चा घोळ लवकर उरकतो. ३७ म्हणजे ३६.५ ते ३७.५ मधलं काहीही, ३७.० म्हणजे ३६.९५ ते ३७.०५. ताप मोजताना सगळे ९८.६ म्हणतात ना? १८६८ साली जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनी शरीराचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस मांडलं, त्याचं फॅरनहाइट केलं की ९८.६. त्यातला .६ थर्मामीटरवर कुणी वाचलेला नाही, तो १.८ ने गुणल्यामुळे आला. ३७ चा ३६.५ ते ३७.५ हा पल्ला फॅरनहाइटमध्ये नेला तर ९७.७ ते ९९.५ निघतो.

बरं, अंक खरोखर मोजून मिळवलेले असले तरी ते बरोबरच असतील असं नाही. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा प्रभार काढला, १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. आकडा १.५९२ (दहाचा घात सोडून देऊ), आजचा आकडा १.६०२. थेंबांची मोजणी काटेकोर होती, वाचनं एकमेकांशी जुळत होती. पण हवेच्या श्यानतेचं (म्हणजे चिकटपणाचं) जे मूल्य त्यांनी वापरलं तेच चुकलेलं होतं, त्यामुळे सगळे थेंब एकाच दिशेला घसरले. मापं एकमेकांशी जुळणं वेगळं आणि खऱ्या किमतीशी जुळणं वेगळं.

राहिला प्रकाशाचा वेग. तो नऊ अंकी मोजलेला आकडा नव्हेच. १९८३ साली मीटरची व्याख्याच या वेगावरून ठरवली, त्यामुळे तो आकडा व्याख्येनं पक्का झाला, त्यात अनिश्चितता उरली नाही. मोजावाच लागतो असा स्थिरांक हवा असेल तर न्यूटनचा गुरुत्व स्थिरांक घ्या. स्थिरांकांची मूल्यं सुचवणाऱ्या CODATA या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१८ च्या शिफारशीत तो (इथेही दहाचा घात सोडून) ६.६७४३० असा आहे आणि त्याला चिकटूनच ०.०००१५ इतकी अनिश्चितता छापलेली आहे. सहा अंकांपुढे त्यांनी सातवा लिहिलेला नाही, आणि त्या सहांतल्या शेवटच्या दोघांबद्दलही पंधराचा फरक पडू शकतो असं सांगून ठेवलंय.