टिचभर

गेल्या आठवड्यात मामाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नकाशा टाकला. मधोमध भारत, भोवताली नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि खाली लाल अक्षरांत: ‘टिचभर देश. आपल्या जिवावर जगतात आणि आपल्यालाच डोळे वटारतात. एकदाच धडा शिकवा.’ त्याखाली डिचोलीपासून दुबईपर्यंतच्या नातेवाइकांचे अंगठे. मी हेलसिंकीत ट्रामच्या थांब्यावर उभा होतो. उणे चौदा होतं, तरी हातमोजा काढून उत्तर लिहिलं: ‘मामा, मालदीवची जमीन जेमतेम ३०० चौरस किलोमीटर, हे खरं. पण आपला गोवा तरी केवढा? ३७०२. कर्नाटक आपल्या पन्नासपट आहे.’

मामाचं उत्तर ट्राम यायच्या आत आलं. ‘तो विषय वेगळा.’

कसा वेगळा, ते मी आठवडाभर शोधतो आहे. कर्नाटकात उगम पावून गोव्यात येणाऱ्या म्हादई नदीच्या पाण्याचा विषय निघाला की हाच मामा जेवता जेवता हात वाळवत बसतो. तिचं पाणी वळवायला कर्नाटकाने केलेलं कळसा कालव्याचं खोदकाम बघायला तो कणकुंबीला जाऊन आलाय, मोबाईलवर फोटो आहेत, लग्नाकार्यातही दाखवतो. २०१० साली नेमलेल्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. आकडा आपला मोठा दिसतो, पण नदी आपली जीवनवाहिनी आणि उगम त्यांच्या हातात, म्हणून मामाला तो निवाडा अजून पचलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या प्रकल्प अहवालाला हिरवा कंदील दाखवला, तेव्हा त्याने मला रात्री फोन करून सांगितलं होतं, ‘त्यांचे खासदार अठ्ठावीस, आपले दोन. दिल्ली कोणाचं ऐकणार?’

अगदी बरोबर. मग काठमांडूतला एखादा मामा आपल्याबद्दल नेमकं काय म्हणत असेल?

२०१५ च्या शेवटी मी सुट्टीवर घरी होतो. तिठ्यावरच्या हॉटेलात भजी तळणारा पोरगा नेपाळचा. गावी गॅस नाही, म्हणून आई चुलीवर लाकडं जाळते, म्हणाला. सप्टेंबरात त्यांची नवी राज्यघटना झाली, भारतालगतच्या तराईतल्या मधेशींनी तिच्याविरुद्ध आंदोलन केलं आणि सीमेवर इंधनाचे ट्रक अडले ते जवळजवळ पाच महिने. दिल्ली म्हणत होती, आम्ही काही अडवलेलं नाही, तुमच्याच लोकांचं आंदोलन आहे. नेपाळात मात्र आजही त्याला नाकाबंदीच म्हणतात. त्या पोराला दोन्ही बाजूंशी कर्तव्य नव्हतं, त्याला आईला पैसे पाठवायचे होते. पण आधी रेडिओ लावला की हिंदी गाणी लावणारा तो, त्या वर्षी लावेना. पुढे नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला, तेव्हा आपल्याकडे ‘कृतघ्न’ हा शब्द किती स्वस्त झाला होता, आठवतं?

मालदीवचंही तेच. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल वेडंवाकडं लिहिलं. त्यांना निलंबित केलं गेलं, तरी इकडे बहिष्काराची लाट आली. कळंगुटला खोल्या भाड्याने देणारे आमचे एक नातेवाईक तर हरखून गेले, आता सगळे आपल्याकडे येणार म्हणून. राष्ट्राध्यक्ष मुइझ्झूंनी भारताने दिलेली हेलिकॉप्टरं सांभाळणाऱ्या भारतीय सैनिकांना १० मे २०२४ च्या आत परत पाठवलं आणि त्यांच्या जागी आपलेच मुलकी तंत्रज्ञ ठेवून घेतले. हेलिकॉप्टर उडत राहिलं, ‘इंडिया आउट’ची घोषणाही राहिली. ऑक्टोबरात तेच मुइझ्झू दिल्लीत होते, तिजोरीसाठी चलनाचा करार करून गेले. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठीला प्रमुख पाहुणे कोण? आपले पंतप्रधान. ग्रुपवर त्या दिवशी एकही अंगठा नव्हता. याला मामा लबाडी म्हणतो. मी याला पाच लाखांच्या देशाचा संसार म्हणतो.

हे मला इथे राहून सुचलं, हे कबूल करतो. इथे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला धोक्याच्या इशाऱ्याचा भोंगा चाचणीसाठी वाजतो आणि कोणी मान वर करून बघत नाही. शनिवारी मी इताकेस्कुसला पोहायला जातो, तो तलाव खडकाच्या पोटात, युद्धासाठी खोदलेल्या निवाऱ्यात आहे. पहिल्या वर्षी मला हे सगळं जरा भित्रेपणाचं वाटायचं. आपल्याकडे कसं, पावसाळ्यात छप्पर गळायला लागल्यावर कौलं शोधायची.

फिनलंडची लोकसंख्या ५५ लाख, रशियाशी सीमा १३४० किलोमीटर. १९३९ च्या हिवाळ्यात यांनी वाकायला नकार दिला, १०५ दिवस लढले आणि शेवटी सुमारे एक दशांश मुलूख देऊन बसले. चार लाखांहून जास्त माणसं घरं सोडून आली. पुढे जर्मनीच्या बाजूने पुन्हा लढले, पुन्हा हरले, त्यावर फार कोणी मोठ्याने बोलत नाही. मग १९४८ मध्ये मॉस्कोशी मैत्रीचा करार केला आणि चाळीस वर्षं तो जपला. १९६१ साली मॉस्कोहून चिठ्ठी आली: कराराप्रमाणे लष्करी सल्लामसलत करू या. राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन उठून थेट नोवोसिबिर्स्कला गेले, ख्रुश्चेव्हना भेटले आणि सल्लामसलत टाळून परत आले. त्याची किंमतही पडली. निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला उमेदवार आपणहून बाजूला झाला. वर्तमानपत्रं शेजाऱ्याबद्दल लिहिताना शाई जपून वापरायची. पण निवडणुका होत राहिल्या, संसद चालत राहिली आणि १९७३ मध्ये युरोपच्या बाजारपेठेशी व्यापार करारही झाला. पश्चिमेकडच्या लोकांनी या सगळ्याला ‘फिनलंडीकरण’ असं नाव ठेवलं. माझ्या ऑफिसातल्या एकाची आजी वीपुरीची, म्हणजे जे गाव गेलं तिथली. त्याच्यापुढे मी हा शब्द एकदाच काढला. कॉफीचा कप खाली ठेवून तो म्हणाला, ‘हसणाऱ्यांपैकी कोणाच्या अंगणाला एवढं लांब कुंपण होतं?’ आणि पुन्हा कामाला लागला. इथे माणसं एवढंच बोलतात.

सेनेट चौकात रशियाच्या झारचा, दुसऱ्या अलेक्झांडरचा पुतळा अजून उभा आहे, कारण त्याने यांची संसद पुन्हा भरवली होती. मॉस्कोने १९९० मध्ये भेट दिलेला ‘विश्वशांती’चा पुतळा मात्र हाकानिएमीतून ऑगस्ट २०२२ मध्ये काढला. कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे शांतपणे ठरवतात. आपल्याकडे पोर्तुगीज खुणांवरून दर दोन वर्षांनी जे रण माजतं ते वाचलं की मला... असो.

मामाकडे याचं उत्तर तयार होतं. ‘मग तुझे शहाणे फिनलंडवाले २०२३ मध्ये नाटोत का गेले? शेवटी दुसऱ्या दादाच्याच मागे लपले ना?’ मुद्दा बिनतोड नाही, पण लागला. मी लिहिलं, शेजारच्या दादाने दुसऱ्या एका शेजाऱ्याच्या घरात रणगाडे घातले म्हणून गेले. आपण असं वागू नये, म्हणजे आपले शेजारी दुसरा दादा शोधायला जाणार नाहीत. भूतानशी १९४९ च्या करारात परराष्ट्र व्यवहार भारताच्या सल्ल्याने करायची अट होती. ती २००७ मध्ये आपण काढली. त्याने आपलं काही बिघडलं का? २०१७ मध्ये डोकलामला चीनशी तणाव झाला तेव्हा भूतान आपल्या बाजूनेच उभा राहिला, फारसा आवाज न करता.

यावर मावसभावाने एकच ओळ टाकली: ‘पासपोर्ट बदललेल्यांनी परराष्ट्र धोरण शिकवू नये.’ अंगठे सतरा.

तीन वर्षं झाली मला पासपोर्ट बदलून. निळा जाऊन तांबडा आला. समारंभ नाही, काही नाही. त्या दिवशी मी घरी कोणाला सांगितलं नाही आणि रात्री उगाच तिसऱ्यांदा आमटी गरम केली.

आणखी एक गोष्ट आहे, ती ग्रुपवर लिहायची माझी छाती नाही. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. आमच्या आजोबांनी फुलावर शिक्का मारला. आमचं सगळं घर मराठीवालं, विलीनीकरणवालं. दोन पानं जिंकली, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. हा आकडा आजोबांना मरेपर्यंत तोंडपाठ होता आणि मला पाढ्यांच्या आधी आला. मोठ्या घरात जाऊन बसावं, तिथे आपली भाषा आहे, हे त्यांचं म्हणणं मला अजून कळतं. माझी भाषा तीच आहे, हे लिहितोय तीही तीच. पण फूल जिंकलं असतं तर म्हादईच्या लवादापुढे गोवा नावाचा पक्षकारच नसता. पणजीचा कोणी जिल्हाधिकारी मुंबईला पत्रं लिहीत बसला असता. दोन पानांनी आपल्याला टेबलापाशी एक खुर्ची मिळवून दिली, टिचभर का होईना. हे मला पंचेचाळिशीत, बर्फात उभं राहून पटलं. आजोबांना काय सांगणार?

काल मामाचा फोन आला. ग्रुपवर नाही, एकट्याला. आईने त्याला सांगितलं होतं की माझ्या पोराला लष्करी सेवेचं पत्र आलंय. अठराव्या वर्षी इथल्या सगळ्याच मुलग्यांना येतं, त्यात विशेष काही नाही, असं मी आईला म्हटलं होतं. मामाने आधी हवापाण्याचं विचारलं, मग मानकुराद आंबा यंदा बरा मोहरलाय म्हणाला. मग थांबला.

‘रशिया किती लांब रे तुमच्यापासून?’

‘सीमा एकशेऐंशी किलोमीटर. आपल्याकडून कोल्हापूर असेल तेवढी.’

पलीकडून बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता.

‘मग जरा जपून,’ मामा म्हणाला. ‘उगाच त्यांना डिवचू नका.’