‘मँगो’ कुणाचा? अनामिक यांना उत्तर

अनामिक, नमस्कार.

‘मँगो’ हा शब्द मलयाळममधून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, शब्द तमिळ आहे; शेवटी ‘ओ’ कुठून आला ते मी सांगितलेलं नाही; आणि ‘घरबसल्या गुगल करून हापूसवाल्यांचा शब्द केरळला दान करू नये.’

दान? मुद्दा पटला नसेल तर तसं सरळ लिहा. मी घरबसल्या लिहितो हे तुम्हाला कुणी सांगितलं? नोकरीनिमित्त मी केरळात कोळिकोडला, म्हणजे कालिकतला राहिलोय. तिथे बाजारात कैऱ्यांचा ढीग लावून बसलेली बाई ‘माङ्ङा’ म्हणते. पिकलेलं फळ मागितलंत की ते ‘माम्पळम’ होतं. आणि आजोळ देवगडकडचं. मे महिन्यात अढीतले आंबे चाचपत लहानाचा मोठा झालो, तेव्हा आंब्याचा अभिमान मला शिकवायला नका येऊ. त्यातून ‘हापूस’ तरी कुठे अस्सल मराठी? ते पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकर्कचं नाव, असंच मानलं जातं. म्हणजे ज्या नावावर तुम्ही मिशीला पीळ देताय, तेच दर्यापारचं!

तमिळ ‘मांगाय’चा उल्लेख करायला हवा होता, हे मान्य. दोन्ही भाषा इतक्या जवळच्या की एकीचं नाव घेतलं तर दुसरीचंही घ्यावं. पण वास्को द गामा 1498 मध्ये उतरला तो कोळिकोडजवळ. गोवा पोर्तुगीजांच्या हाती आलं 1510 मध्ये. मधली सगळी वर्षं मिरीसाठी मलबारात घालवलेल्यांनी फळाचं नाव आणखी कुठून उचललं असणार? गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 मध्ये छापला गेला तो गोव्यात, जिथे लोक ‘आंबो’ म्हणतात. तरी त्याने लिहिलं ‘मांगा’च. शब्द आधीच रुळला होता, दुसरं काय.

इंग्लंडात तर ताजं फळ पोचायचंच नाही, पोचायचं लोणचं. म्हणून तिथल्या अठराव्या शतकातल्या पाककृतींत मसाला भरून मुरवलेल्या काकडीलाही ‘मँगो’ म्हटलेलं सापडतं. हे मूळ लेखात शेवटी होतं. तिथवर तुम्ही पोचला नसावात.

‘ओ’चं म्हणाल तर ते उगाच फाटे फोडणं झालं, त्यात मी शिरत नाही.

पुढच्या वेळी नाव लिहून या. बुरख्याआडून टोमणे मारणाऱ्यांना एवढी लांबलचक उत्तरं द्यायची माझी सवय नाही.