चौथा नट

छोट्या विमानाच्या इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाला नट चारच. पाव इंची स्टड, म्हणजे नट बसतो ती आट्यांची दांडी, ७/१६ चा पाना. तीन निघतात. चौथा पंपाच्या अंगाआड असा दडलेला की सरळ पाना शिरतच नाही! लायकमिंग इंजिनाच्या मागे स्पार्क प्लगला वीज देणारा मॅग्नेटो, ऑइल फिल्टर, इंजिन धरणाऱ्या माउंटचे पाइप, लगेच फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली आडभिंत. उरलेल्या बोटभर जागेत हात घालायचा, तोही नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, तापलेल्या पत्र्याखाली. एका हिसक्यात नट फिरतो जेमतेम बारावा भाग.

मग वाकडा पाना घ्या ना भाऊ! प्लायरने नटाचे कोपरे काहून खाता? पंपावर हातोडी काहून मारता? आत कार्बनचा रोटर आहे, तडकतो तो!

एक्झॉस्टचे नट तर विचारूच नका. तापून-थंडावून गंजलेले. भेदक तेल सोडा, रात्रभर थांबा. थांबतं कोण? पान्याला पाइप लावायचा, जोर मारायचा, कटकन स्टड मोडायचा. आता सिलिंडरच्या ॲल्युमिनियममध्ये ड्रिल घाला आणि आटे वाचवा!

खालच्या स्पार्क प्लगचंही तेच. सॉकेट तिरका बसवला की आतलं सिरॅमिक गेलं. जमिनीवर पडलेला प्लग पुसून परत लावता? हे ट्रॅक्टरचं इंजिन आहे का? तो बाद करा. नवीन तांब्याचं वॉशर घाला, अँटीसीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी पेस्ट, पहिल्या आट्यापासून दूर ठेवा, ३५ फूट-पाउंडाला टॉर्क रेंचनेच आवळा. मनगटाच्या अंदाजाने नाही!