टर्बो पिकअपचं इंजिन लाख किलोमीटरमध्ये बसतं? नाही, आणि का नाही ते सांगतो

सध्या इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंखा) म्हणजे छोट्या इंजिनाला जबरदस्तीने पळवणं, लाखभर किलोमीटरला इंजिन खलास, घाटात दम तोडतं, मायलेज फक्त कागदावर, अमेरिकेतसुद्धा लोक टर्बो सोडून परत मोठ्या व्ही८ म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाकडे वळले, तेव्हा लोडिंगला गाडी घ्यायची तर मोठं साधं बिनटर्बोचं इंजिनच घ्या, जुनी मिळाली तरी चालेल. आमचा एक आत्तेभाऊ चोइथराम मंडीतून माल उचलतो, त्याने हे वाचून नवी पिकअप बघायचं सोडून जुन्या गाड्यांच्या मागे लागायला सुरुवात केली, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

आधी मुळातच घोळ कुठे झालाय ते बघा. हा वाद अमेरिकेचा आहे आणि तो पेट्रोल पिकअपचा आहे. तिकडे फोर्ड एफ-१५० मध्ये ३.५ लिटरचं ट्विन टर्बो व्ही६ आणि ५ लिटरचं साधं व्ही८ शेजारी शेजारी मिळतं, तिथे निवड करायला जागा आहे. आपल्याकडे बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इसुझु व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स, मुख्यतः डिझेल आणि डिझेलमध्ये सगळ्यांना टर्बो. (छोटा हत्ती वगैरे मिनी ट्रकची गोष्ट वेगळी.) आणि "मोठं की टर्बो" हा प्रश्नच इथे चुकतो, कारण बोलेरो पिकअपचं इंजिन २५२३ सीसीचं आहे म्हणजे बऱ्यापैकी मोठं, आणि वर टर्बोही आहे. हायलक्सचं २.८ लिटर, तेही टर्बोच.

आता "छोट्या इंजिनाला जबरदस्ती" वाला मुद्दा. इंजिनात डिझेल किती जाळता येईल हे आत हवा किती आली त्यावर ठरतं. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढ्यावर चालतं, टर्बो वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवून जास्तीची हवा आत दाबतो. १९०५ मध्ये आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने याचं पेटंट घेतलं, म्हणजे ही काही कालची टूम नाही. आणि ज्या इंजिनाला कंपनी टर्बो लावते त्याचे पिस्टन, रॉड, बेअरिंग, ऑइल पंप, कूलिंग सगळं तो दाब धरूनच बनवलेलं असतं. घरच्या घरी जुन्या इंजिनावर टर्बो बसवला तर जबरदस्ती म्हणा, मी पण म्हणेन.

घाटाचं तर मेसेजमध्ये अगदी उलटं लिहिलंय, आणि हाच मुद्दा आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे कारण इथून मुंबईला मालाची ने-आण करायची म्हणजे मानपूरनंतर भेरूघाट आणि पुढे सेंधव्याजवळ बिजासन घाट आहेच. चढावर नुसता पॉवरचा मोठा आकडा पुरत नाही, कमी आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर किती मिळतो ते कामी येतं. अमेरिकेचंच उदाहरण घ्या, २०२१ पासूनच्या एफ-१५० मध्ये दोन्ही इंजिनं ४०० हॉर्सपॉवरची, अगदी बरोबरीत, पण टर्बो व्ही६ चा टॉर्क ६७८ न्यूटन मीटर आणि तोही ३१०० आरपीएमला, व्ही८ चा ५५६ आणि त्यासाठी इंजिन ४२५० पर्यंत ओरडवावं लागतं. आपल्याकडे हायलक्सची मॅन्युअल गाडी ४२० न्यूटन मीटर १४०० आरपीएमपासूनच देते. व्ही-क्रॉस आधी २.५ लिटर टर्बोची होती, ३२० न्यूटन मीटर, नंतर इंजिन १.९ लिटरचं झालं आणि टॉर्क ३६० झाला. साध्या पेट्रोल इंजिनाला लिटरमागे १०० न्यूटन मीटरच्या आसपासच मिळतात हे लक्षात घ्या. घाटात काळा धूर ओकत रांगणाऱ्या जुन्या लोडिंग गाड्या आठवतात ना? तो धूर म्हणजे हवा कमी पडून अर्धवट जळलेलं डिझेलच. शिवाय जसजसं उंच जाल तशी हवा विरळ, साधं इंजिन हजार मीटरला साधारण १० टक्के ताकद गमावतं. इंदूरच साडेपाचशे मीटरवर आहे.

"लाख किलोमीटरला खलास." ए.बी. रोडवर (आग्रा-मुंबई हायवेवर) उभे राहा आणि जे नवे मोठे डिझेल ट्रक जातात ते बघा, सगळे टर्बो, आणि ते कित्येक लाख किलोमीटर चालतात. पिथमपूरला ट्रक बनतात ते काय बिनटर्बोचे बनतात का? टर्बो मरतो हे खरंय, पण तो मरतो कशाने ते मेसेज सांगत नाही. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल जुनं, भलत्याच ग्रेडचं किंवा कमी असेल तर पहिला फटका इथेच बसतो. एअर फिल्टर फाटका असला की धूळ थेट पंख्याच्या पात्यांवर. आणि तिसरी सवय, जी आपल्याकडे सर्रास दिसते: खलघाटकडून भरलेली गाडी घाट चढून येते, मानपूरला ढाबा दिसला की थांबून लगेच चावी बंद. शाफ्ट अजून फिरतोय, टर्बो तापून लाल, ऑइलचा पुरवठा मात्र बंद, मग तिथलं ऑइल करपून कोळसा होतं आणि बेअरिंग खातं. एखादं मिनिट गाडी आयडलला ठेवा भिया, चहा कुठे पळत नाही. ड्रायव्हर पगारी असेल तर त्याला हे समजावणं मालकाचंच काम आहे.

मायलेजचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो मी मान्य करतो. टर्बो पेट्रोल गाडी हलक्या पायाने चालवली तर छान देते, पण जड माल ओढताना इंजिन थंड ठेवायला जास्तीचं पेट्रोल सोडलं जातं आणि आकडा धाडकन पडतो, अमेरिकेतली तक्रार हीच आहे. डिझेलला असं करावं लागत नाही, ते मुळात भरपूर हवेवरच चालतं. म्हणजे तिकडची खरी तक्रार इकडच्या गाडीला लावलीय.

राहिला व्ही८ कडे परतण्याचा मुद्दा. रॅम या अमेरिकन पिकअप कंपनीने २०२६ च्या १५०० मॉडेलमध्ये ५.७ लिटरचं हेमी व्ही८ परत आणलं हे खरं आहे, गिऱ्हाइकांना तो आवाज आणि ते इंजिन हवं होतं. पण ३ लिटरचं ट्विन टर्बो हरिकेन बंद नाही केलं, दोन्ही मिळतात, आणि हरिकेन ४२० हॉर्सपॉवर तर हेमी ३९५. आणि साधं मोठं इंजिन म्हणजे बिनघोर असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या व्ही८ वाल्या जवळपास ६ लाख गाड्या अमेरिकेत रिकॉल केल्या, क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमधल्या दोषामुळे, आणि त्याला टर्बो नव्हताच. त्याच्या आदल्या वर्षी टोयोटाने टर्बो व्ही६ वाल्या लाखभर टुंड्रा आणि लेक्सस बोलावल्या होत्या, कारण कारखान्यात मशीनिंगचा कचरा इंजिनात राहिला होता. दोन्हीकडे चूक बनवण्यातली.

बिनटर्बो कुणी घ्यावं? छोटी पेट्रोल गाडी, शहरातल्या शहरात फिरणं, राजवाड्यापासून पलासियापर्यंत सिग्नल टू सिग्नल, पाच-सहा वर्षांनी गाडी जुनी झाल्यावर खर्च कमी हवा, तर साधं १.२ लिटरचं इंजिन मस्त आहे. एक पार्ट कमी, एक दुखणं कमी.

आत्तेभावाला मी एवढंच सांगितलं की दादा, जुनीच घ्यायची असेल तर टर्बोवालीच घे पण मिस्त्रीला सोबत ने, इंजिन गार असताना हवेचा पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवून बघायला सांग, पातं बाजूच्या भिंतीला घासत असेल तर गाडी सोड, इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करतो तो) पाइपात ऑइल साचलेलं असेल किंवा रेस दिल्यावर निळा धूर येत असेल तरी सोड, आणि ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नकोस, बटाट्याची पोती भरून घाटात ने.