'वजन बघू नका, स्पेक्स बघा': स्वस्त लॅपटॉपच्या या सल्ल्यात काय चुकतं

बारावीनंतरच्या प्रवेशांची धांदल सुरू झाली की व्हॉट्सॲपवर एक सल्ला हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: 'बजेट तीस-पस्तीस हजार असेल तर वजनाचा विचारच करू नका. हलका लॅपटॉप ही चैन आहे. पैसे प्रोसेसर आणि मोठ्या स्क्रीनवर घाला. अर्ध्या-एक किलोने काही फरक पडत नाही. रॅम नंतर वाढवता येते. आणि जुना लॅपटॉप तर चुकूनही घेऊ नका.'

ऐकायला हे व्यवहारी वाटतं. पण ज्या मुलांना तीन-चार वर्षं रोज लॅपटॉप पाठीवर वागवायचा आहे, त्यांच्या आईवडिलांचे कष्टाचे पैसे या सल्ल्यामुळे चुकीच्या जागी जातात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'अर्ध्या-एक किलोने काय फरक पडतो?'

हा हिशेब जाहिरातीत छापलेल्या वजनावर केलेला असतो. सॅकमध्ये लॅपटॉप एकटा जात नाही, सोबत चार्जर जातो. स्वस्तातला गेमिंग लॅपटॉप साधारण २.२ ते २.५ किलोचा असतो आणि त्याच्या १५० ते २३० वॉटच्या चार्जरचा ठोकळा आणखी अर्धा ते पाऊण किलोचा. म्हणजे पाठीवर तीन किलोच्या आसपास. याउलट डेल लॅटिट्यूड ७४९० हा ऑफिसांतून बाहेर पडलेला १४ इंची लॅपटॉप सुमारे १.४ किलोचा आहे. त्याला चालणारा ६५ वॉटचा छोटा टाइप-सी चार्जर केबलसकट दोनशे ग्रॅमच्या आत बसतो. फरक जवळजवळ दीड किलोचा झाला. डबा, पाण्याची बाटली, जर्नल आणि छत्री यांचं वजन यात धरलेलंच नाही.

गर्दीच्या वेळेला लोकलमध्ये सॅक पोटावर घेऊन उभं राहावं लागतं, एसटीत ती मांडीवर येते. तिथे जाडी आणि रुंदीही मोजायला हवी. १५.६ इंची स्क्रीन ३४.५ सेंटिमीटर रुंद असते, १४ इंची ३१. वर्गातल्या पाटीच्या खुर्चीवर हे साडेतीन सेंटिमीटर फार जाणवतात, कारण मोठ्या लॅपटॉपची एक कड हवेत राहते.

घेण्याआधी एक सोपी चाचणी करा. एक-एक लिटरच्या तीन भरलेल्या बाटल्या सॅकमध्ये नेहमीच्या सामानासोबत टाका आणि घर ते कॉलेज हा रस्ता पायऱ्या-पुलांसकट एकदा जाऊन या. नंतर दीड लिटरवर तेच करा. जड लॅपटॉप हळूहळू घरीच राहू लागतो, आणि ज्या वर्गात तो हवा होता तिथे मोबाइलवर भागवावं लागतं. मग स्पेक्ससाठी मोजलेले जास्तीचे पैसे कुठे वापरले गेले?

'पैसे प्रोसेसरवर घाला'

प्रोसेसर महत्त्वाचा आहे, यात वाद नाही. पण 'आय-सेव्हन म्हणजे आय-फाइव्हपेक्षा चांगला' एवढ्यावर निवड केली तर फसगत ठरलेली. आय-सेव्हन ७६००यू मध्ये दोन कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, त्याच्या पुढच्या पिढीतल्या आय-फाइव्ह ८२५०यू मध्ये चार. चार आकडी नंबर २ ते ९ ने सुरू होत असेल तर पहिला आकडा पिढी सांगतो. ११३५जी७ किंवा १२३५यू असे १ ने सुरू होणारे नंबर असतील तर पहिले दोन आकडे, म्हणजे अकरावी आणि बारावी पिढी. शेवटचं अक्षरही वाचा. 'यू' हा कमी विजेवर चालणारा आणि 'एच' हा जास्त वीज खाणारा, जास्त तापणारा.

गेमिंग लॅपटॉपची जी ताकद सांगितली जाते ती प्लग लावलेला असतानाची आहे. बॅटरी एका दमात तेवढी वीज देऊ शकत नाही, म्हणून प्लग काढला की ग्राफिक्स चिप आणि प्रोसेसर दोन्ही आपला वेग उतरवतात. ज्या वर्गात चाळीस मुलांमागे दोन सॉकेट आहेत, तिथे ही ताकद कामाला येत नाही.

पहिल्या दोन वर्षांत सी, जावा, पायथन, डेटाबेस, थोडं वेब एवढंच काम असतं. चार कोअरचा 'यू' प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी येणारी वेगवान साठवण) यांवर ते आरामात होतं. ब्लेंडर, मोठ्या असेंब्लीचं सॉलिडवर्क्स, अँसिसची सिम्युलेशन्स किंवा स्वतःच्या मशीनवर मॉडेल ट्रेन करणं हे रोजचं काम असेल तर मात्र स्वतंत्र ग्राफिक्स चिप घ्या आणि वजन सोसा. मशीन लर्निंगच्या शिकाऊ प्रयोगांना गूगल कोलॅबवर मर्यादित वेळ का होईना, फुकट जीपीयू (ग्राफिक्स चिप) मिळतो.

'बॉक्सवर आठ तास लिहिलंय, चार्जर लागणारच नाही'

मूळ सल्ल्याला जोडून हेही वाक्य येतं. बॉक्सवरचे तास मंद प्रकाशात, हलक्या कामावर मोजलेले असतात. तुम्ही तास न बघता वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप, बघा. बॅटरीवर किंवा मॉडेलच्या माहितीपत्रकात हा आकडा असतो: ३६, ४२, ५०, ६०. साध्या लॅपटॉपला ब्राउझर आणि कोड लिहिताना साधारण ७ ते १० वॉट लागतात. म्हणजे ५० वॉट-अवरची चांगली बॅटरी पाच ते सात तास देईल. गेमिंग लॅपटॉप नुसता चालू असतानाच बरेचदा पंधरा वॉटच्या पुढे जातो. बॅटरी तेवढीच असली तर तीन तासांत संपते.

पोर्टेबल लॅपटॉपची खरी किल्ली मात्र टाइप-सी चार्जिंग आहे, आणि नेमका तिचाच उल्लेख या सल्ल्यात नसतो. लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तर फोन आणि लॅपटॉपला एकच चार्जर पुरतो. तो बिघडला तर कुठल्याही गावात दुसरा मिळतो, मित्राचाही चालतो. इथे तीन अडचणी येतात.

पहिली अशी की अनेक स्वस्त नव्या लॅपटॉपवरचा टाइप-सी पोर्ट फक्त डेटासाठी असतो. पोर्टचा आकार सारखाच, चार्जिंग मात्र गोल पिनच्या चार्जरनेच. दुकानदाराच्या होकारावर विसंबू नका. ४५ किंवा ६५ वॉटचा पॉवर डिलिव्हरी चार्जर सोबत न्या, लावून बघा, टास्कबारवर प्लगची खूण आली का पाहा.

दुसरी अडचण चार्जरची. बऱ्याच फोनचे ६७ किंवा ८० वॉटचे चार्जर त्या-त्या कंपनीच्या फोनलाच तो वेग देतात. लॅपटॉपला २० व्होल्ट लागतात. चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत '२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर' किंवा निदान '२० व्होल्ट, २.२५ अँपिअर' छापलेलं असेल तरच तो उपयोगाचा.

तिसरी अडचण लेनोव्होच्या २०१७ ते २०१९ मधल्या काही थिंकपॅडची. त्यांच्या टाइप-सी पोर्ट सांभाळणाऱ्या थंडरबोल्ट चिपच्या जुन्या फर्मवेअरमुळे (चिपमधल्या सॉफ्टवेअरमुळे) टाइप-सी पोर्ट कालांतराने काम करेनासा होतो. कंपनीने त्यावर अपडेट दिलेलं आहे. टी४८० घेत असाल तर दोन्ही टाइप-सी पोर्टवर चार्जिंग तपासा आणि घरी आल्या आल्या ते अपडेट टाका.

'रॅम नंतर वाढवता येते'

कधी येते, कधी मुळीच येत नाही. हलक्या लॅपटॉपच्या बाबतीत आधी पाहायची गोष्ट हीच. माहितीपत्रकात 'एलपीडीडीआर' असं लिहिलेलं असेल तर रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली आहे असं समजून चाला. जी आज मिळेल तीच शेवटपर्यंत. लॅपटॉप समोर असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. 'स्लॉट्स यूज्ड'समोर 'वन ऑफ टू' दिसलं तर एक जागा रिकामी आहे. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर ती सोल्डर केलेली.

थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९० आणि एचपी एलिटबुक ८४० जी५ या तिन्हींत डीडीआर४ रॅमचे दोन-दोन स्लॉट आहेत आणि तिन्ही १.४ ते १.६ किलोच्या दरम्यान आहेत. थिंकपॅड टी४८०एस थोडा आणखी हलका, पण त्यात काही रॅम सोल्डर आणि एकच स्लॉट. एक्स१ कार्बन सव्वा किलोच्याही आत, रॅम सगळी सोल्डर. म्हणून एक्स१ कार्बन ८ जीबीचा स्वस्त मिळाला तरी सोडा, १६ जीबीचा मिळाला तर विचार करा.

'मोठी स्क्रीन म्हणजे जास्त दिसतं'

किती दिसतं हे इंचांवर कमी आणि रिझोल्यूशनवर जास्त अवलंबून असतं. १९२० गुणिले १०८० च्या स्क्रीनवर १३६६ गुणिले ७६८ च्या जवळपास दुप्पट पिक्सेल असतात. टी४८० आणि ७४९० दोन्ही प्रकारच्या स्क्रीनमध्ये विकले गेले, त्यामुळे मॉडेलचं नाव बरोबर असूनही हातात ७६८ वाली स्क्रीन पडू शकते. डिस्प्ले सेटिंगमध्ये आकडा स्वतः वाचा. घरी डोळ्यांना आराम हवा असेल तर एचडीएमआयने बाहेरचा मॉनिटर जोडता येतो. टॅलीवाल्यांना नंबर पॅड लागतो हे खरं, पण यूएसबीचा वेगळा नंबर पॅड अगदी स्वस्तात मिळतो.

'हलका म्हणजे नाजूक'

उलट आहे. नव्या स्वस्त प्लॅस्टिक लॅपटॉपचं पहिलं दुखणं म्हणजे हिंज, म्हणजे स्क्रीनची बिजागरी. त्याचे स्क्रू प्लॅस्टिकच्या खुंट्यांत बसवलेल्या छोट्या पितळी नटांत जातात. स्क्रीन रोज एका कोपऱ्याला धरून उघडली की त्या खुंट्यांना तडे जातात आणि एक दिवस कव्हर उचकटतं. बिझनेस लॅपटॉपांत हिंज सहसा धातूच्या सांगाड्याला धरलेला असतो.

रोज नेण्याचा आणखी एक धोका मशीन कुठलंही असलं तरी आहे. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप झोपलाच असं नाही. काही मॉडेल सॅकमध्ये जागी राहतात, तापतात आणि बॅटरी संपवतात. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' व्हावं, म्हणजे चालू काम साठवून मशीन पूर्ण बंद व्हावं, असं ठरवून टाका.

'जुना चुकूनही घेऊ नका'

सल्ल्यातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. तीस हजारांच्या आतबाहेर हलका, मजबूत, स्लॉटवाला लॅपटॉप नव्यात क्वचित मिळतो. कंपन्यांनी वापरून काढलेल्यांत तो भरपूर आहे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसला तर त्यांचा मोठा बाजारच आहे. उलट 'नवा, हलका आणि सगळ्यात स्वस्त' या मोहात पडलात तर सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसीचं (बोर्डवरच सोल्डर केलेल्या संथ साठवणीचं) मशीन हाती येतं. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी लागतात, म्हणजे पहिल्या मोठ्या अपडेटलाच जागा संपते आणि ती ईएमएमसी बदलताही येत नाही. जुन्याची भीती वाटणं रास्त आहे, पण त्यावर उपाय तपासणी हा आहे.

पिढी आठवी किंवा पुढचीच घ्या. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि मोजके अपवाद सोडले तर सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणूनच टी४७०, लॅटिट्यूड ७४८० आणि एलिटबुक ८४० जी४ इतके स्वस्त मिळतात. दिसायला ते पुढच्या मॉडेलांचे जुळे भाऊ आहेत.

कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि लगेच 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करा. तयार झालेल्या फाइलमध्ये 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' यांची तुलना करा. दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करायला सांगा. टचपॅडचं बटण दबत नसेल किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. तो घेऊच नका.

कुलपं तपासा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरताना पासवर्ड विचारला तर नको. तिथेच सिक्युरिटीमध्ये 'ॲब्सोल्यूट' किंवा 'कॉम्प्युट्रेस' (मालकाला मशीन दुरून शोधू आणि बंद करू देणारी सोय) सुरू दिसलं तरी नको. शेवटची तपासणी वेळ खाते, पण ती टाळू नका. दुकानदारासमोर विंडोज रीसेट करायला लावा आणि सेटअप चालू असताना मोबाइलचं इंटरनेट जोडा. एखाद्या कंपनीचं नाव आणि तिचं लॉगिन मागणारी स्क्रीन आली तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे आणि विंडोज पुन्हा टाकलं की तेच कुलूप परत येणार. बिलावर सिरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या, तो नंबर लॅपटॉपच्या तळाशी आणि बायोसमध्ये एकच आहे ना हे पाहा.

मग वजन कुणी बघू नये?

ज्यांचा लॅपटॉप महिन्यातून एखाद्या वेळीच घराबाहेर पडतो त्यांनी. पण तेवढंच असेल तर लॅपटॉप तरी का घ्यायचा? आठव्या पिढीचा छोटा डेस्कटॉप, म्हणजे थिंकसेंटर एम७२०क्यू किंवा ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो, जाडजूड पुस्तकाएवढ्या जागेत बसतो. त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत, बॅटरी आणि हिंज या दोन कटकटी नाहीत, आणि उरलेल्या पैशांत २२ इंची मॉनिटर येतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावात मात्र सोबत यूपीएसचा खर्च धरा, कारण बॅटरी नसलेलं मशीन दिवे गेले की त्याच क्षणी बंद पडतं.