आधी क्रेट घ्या, मग प्लेटा

घरातून केटरिंगचं सामान भाड्याने द्यायचं आहे आणि हाताशी शिल्लक बेताची आहे? मग चाफिंग डिश (जेवण गरम ठेवायची झाकणाची भांडी) आणि टेबल-खुर्च्यांकडे सध्या बघूच नका. दिसायला भारी, ठेवायला अडचण, आणि बाहेर पडणार कधीमधी. पैसे मिळवून देतात ते प्लेट, बाऊल, ग्लास, चमचे.

खरेदी किमतीच्या १० टक्के भाडं लावलं तर कागदावर १० फेऱ्यांत वसुली होते. धुणं, ने-आण आणि तूटफूट धरली की त्याच १५-१६ होतात. म्हणून कुठलीही वस्तू घेण्याआधी ती वर्षात १५ वेळा तरी बाहेर पडेल का, एवढंच स्वतःला विचारायचं. उत्तर ‘बघू’ असं आलं तर ती दुसऱ्या कुणाकडून भाड्याने आणून पुढे द्या.

सुरुवातीला एकच संच, ६० माणसांचा, पण पुरा. पुरा म्हणजे सगळं साठ-साठ नव्हे. प्लेटा ७०, बाऊल १४०, ग्लास १२०, चमचे ९०. ग्लास दुप्पट, कारण माणूस एक कुठेतरी ठेवतो आणि दुसरा उचलतो. चमचे दीडपट, कारण ते खरकट्याबरोबर कचऱ्याच्या पिशवीत जातात. (पिशवी बांधण्याआधी एकदा चाळा, असं गिऱ्हाइकाला सांगून ठेवावं. निम्मे तरी वाचतात.) डिझाइन साधं पांढरं, बिनकाठाचं. नक्षी बाजारातून गेली की दहा प्लेटा फुटल्यावर अख्खा संच बेजोड होतो.

आता क्रेट. सगळेजण हे शेवटी घेतात आणि तिथेच चुकतात. २५ सेमीची चिनी मातीची प्लेट साधारण ६०० ते ७०० ग्रॅम भरते, म्हणजे ७० प्लेटा ४५ किलोच्या आसपास. एका क्रेटमध्ये २० प्लेटा ठेवा, तेवढंच वजन एका माणसाला जिन्यावरून नेता येतं. ग्लासांना २५ खणांचा रॅक. रिकामा खण लांबूनच दिसतो, त्यामुळे मोजणी आपोआप होते, आणि काठ काठावर आपटून टवके उडत नाहीत. टवका उडालेला ग्लास किंवा तडा गेलेली मेलामाइनची प्लेट घासून परत संचात सरकवायची नाही. ओठ कापतो, आणि तड्यातली घाण निघत नाही.

चमचे मोजायची सोपी युक्ती: धुऊन कोरडे झाल्यावर वजन करा. १० चमचे ३२० ग्रॅम भरत असतील तर ९० चमचे २८८० ग्रॅम भरले पाहिजेत. ओल्यावर किंवा खरकट्यासकट हा हिशेब जमत नाही. म्हणूनच डिपॉझिट दारात परत करू नये, दुसऱ्या दिवशी मोजणी झाल्यावर करावं. सामानासोबतच्या चलनावर प्रत्येक वस्तूची बदली किंमत, म्हणजे ती नवी घ्यायला लागेल ती रक्कम, लिहिलेली असावी. भाड्याच्या आकड्यावरून भरपाई मागायला गेलात तर वाद ठरलेला.

स्टील घेताना चुंबक लावून फार हुशारी करू नका. चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४ ग्रेड, असं होत नाही. २०२ या स्वस्त ग्रेडलाही ते सहसा चिकटत नाही. २०२मध्ये ३०४पेक्षा निकेल कमी असतं. खारट-आंबट लागून रात्रभर पडलं की त्यावर बारीक खड्डे पडतात. ग्रेड बिलावर लिहून घ्या. आणि स्टीलला ब्लीच लावू नका, मग ते कुठल्याही ग्रेडचं असो.

दुसऱ्या टप्प्यात एकच विजेची वस्तू घ्यावीशी वाटते: २० लिटरचा वॉटर बॉयलर. २५०० वॉटचा असेल तर भरलेलं पाणी उकळीला यायला पाऊण तास धरा. गिऱ्हाईक पाहुणे आल्यावर बटण दाबतं आणि वर ‘तुमचं मशीन बंद आहे’ म्हणून फोन करतं. २३० व्होल्टवर तो ११ अँपिअरच्या आसपास घेतो, त्यामुळे साध्या ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावला की प्लग वितळतो. पाणी संपून कोरडा तापला तर बऱ्याच मॉडेलांत कटआउट (वीज आपोआप तोडणारा स्विच) पडतो. मग प्लग काढून, पूर्ण गार होऊ देऊन बुडाशी असलेलं रीसेटचं बटण दाबायचं. हे चार ओळींत लिहून झाकणालाच चिकटवा.

धुण्याबद्दल फक्त एक: फडक्याने पुसू नका. एकच ओलं फडकं सगळ्या प्लेटांवरून फिरतं आणि घाण पसरवतं. रॅकमध्ये उभं करून हवेवर वाळवा. त्यासाठी रात्रभर जागा अडते. तेव्हा तारखा घेताना एका ऑर्डरचे चार दिवस धरा: पाठवणी, वापर, परत, वाळवण. शनिवार आणि रविवार अशा लागोपाठ दोन ऑर्डरी एकाच संचावर घेतल्यात तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला ओली भांडी जाणार.

शिल्लक निम्मी सामानात, पाव क्रेट-रॅक-मांडणीत घाला. उरलेली पाव बँकेतच राहू द्या. पहिल्या दोन-तीन ऑर्डरींतली तूटफूट त्यातूनच भरायची आहे, आणि तीही त्याच दुकानातून, त्याच मालाची.