थडग्यावरचं सरकारी सील

गेले काही महिने नाशिकला फोन लावला की बोलणं धर्मांतरविरोधी कायद्यावरच येतं. शरणपूर रोडच्या आसपास राहणारी आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहेत, आणि आता ओळखीपाळखीचे लोक त्यांना विचारतात, "तुमच्या पणजोबांना तेव्हा काय मिळालं होतं?" परवा भाच्याने मलाच धारेवर धरलं. "मावशी, तू तिकडे इंग्लंडात ईस्टरला 'प्रभू खरोखर उठला आहे' म्हणतेस. इथे खोटं बोलणारे जिंकतायत. त्या उठण्याने आमचं काय बदललं?"

त्याला फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहिते.

मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात सांगितलेलं येशूचं पुनरुत्थान वाचताना आपण पहाट आणि देवदूत लक्षात ठेवतो, पण त्याच्या आगेमागे सगळा खोट्याचा कारभार आहे. खोटे साक्षीदार शोधून आणलेले. आरोपी निर्दोष आहे हे रोमन सुभेदार पिलाताला कळतंय, तरी तो पाणी मागवून हात धुतो आणि माणूस मारायला देतो. मेल्यावरही भीती जात नाही म्हणून कबरेच्या धोंडेवर शिक्का मारतात, पहारा बसवतात. कबर रिकामी निघाल्यावर पहारेकऱ्यांना भरपूर पैसे चारून पढवतात: आम्ही झोपलो असताना त्याच्या शिष्यांनी प्रेत चोरलं असं सांगा, सुभेदाराचं आम्ही बघून घेऊ. झोपलेल्या माणसाला चोर कोण ते कसं दिसलं, हे कुणी विचारलं नाही. ती बातमी आपल्या काळापर्यंत पसरलेली आहे, असं मत्तय स्वतःच लिहितो.

आणि उठलेला येशू पिलाताच्या वाड्यावर गेला नाही. तो आधी त्या बायांना भेटला, ज्यांचं बोलणं प्रेषितांनाही बडबड वाटलं. मग पळून गेलेल्या मित्रांना, हातांवरचे खिळ्यांचे व्रण दाखवत. देवाने निकाल फिरवला होता आणि तरीही गावात लाच देऊन पेरलेलं खोटं फिरत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. ख्रिस्ती माणसाची आशा या दोन्हींच्या मधे जगते, आणि भाच्याला हेच सांगायचं होतं की तुझ्यावर आलेली वेळ शुभवर्तमानाला परकी नाही.

नाशिकच्या नातलगांना वाटतं, "तुमच्याकडे निदान कायदा चालतो." इथल्या पोस्टाचं प्रकरण त्यांना सांगावंसं वाटतं. होरायझन नावाच्या संगणकप्रणालीत दोष होते. ती नसलेली तूट दाखवायची. त्यावरून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. ती गावोगावची लहान पोस्टं चालवणारी माणसं होती, त्यांत आपल्याकडून आलेलीही कितीतरी. सीमा मिश्रा २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेल्या. त्यांची शिक्षा २०२१ मध्ये रद्द झाली. उरलेल्यांसाठी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला. मधली काही वर्षं पोस्टाच्या कंपनीच्या प्रमुख होत्या त्या बाई चर्च ऑफ इंग्लंडच्या दीक्षित धर्मगुरू होत्या, हे एक ख्रिस्ती म्हणून मला फार लागलं.

या प्रकरणाच्या जाहीर चौकशीत मोठमोठ्या अधिकाऱ्यांची उलटतपासणी सगळ्या देशाने थेट प्रक्षेपणात पाहिली. असं आपल्याकडे व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. परदेशात राहून मी कशाचा हेवा करत असेन तर याचा. पण निर्दोष ठरण्याआधीच जे मेले, त्यांच्या हयातीत तो कायदा आला नाही. काहींनी जीव दिला होता. उत्तमातलं उत्तम कोर्टही मेलेल्या माणसाला समोर उभं करून "तू निर्दोष आहेस" असं सांगू शकत नाही.

इथे मला फादर स्टॅन स्वामी आठवतात. झारखंडात खटल्याविना खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी हा येशूसंघी धर्मगुरू कोर्टात गेला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांनाच अटक झाली. पार्किन्सनमुळे हात थरथरायचे, पेला धरता येत नव्हता, तर पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणूनही कोर्टाकडे अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी असताना ते गेल्याचं सांगण्यात आलं. वय ८४. ते कच्चे कैदी म्हणूनच गेले. आरोप सिद्ध झाले नाहीत आणि पुसलेही गेले नाहीत.

प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात लिहितो की आपली आशा या जन्मापुरतीच असेल तर आपल्यासारखे कीव करण्याजोगे कोणी नाहीत. हे वाक्य मला आता फादर स्टॅनच्या मृत्यूशेजारी ठेवूनच वाचता येतं. मेलेले उठणार नसतील, तर त्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द तुरुंगाचा. उठणार असतील, तर न्यायनिवाडा अजून व्हायचाय, त्यांचाही आणि त्यांच्यावर आरोप ठेवणाऱ्यांचाही. ही आशा माणसाला गप्प बसवते असं म्हणणाऱ्यांनी त्यांचं आयुष्य पाहावं. ती उराशी धरून ते इतरांच्या सुटकेसाठी झगडले.

आता "काय मिळालं होतं" या प्रश्नाकडे. शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती १८५४ मध्ये वसली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही तिथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनबरोबर होता; १८७३ मध्ये लिव्हिंगस्टनचं काळीज आफ्रिकेत झाडाखाली पुरलं तेव्हा दफनविधी त्याने वाचला. पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीसोबत चालणाऱ्यांत तो होता. लहानपणी विकला गेलेला मुलगा दुसऱ्याच्या पुनरुत्थानाची आशा मोठ्याने वाचून दाखवतोय. याची किंमत प्रलोभनाच्या तराजूत कशी करणार?

काळाराम मंदिराच्या दारात १९३० पासून सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. आंबेडकरांनी आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. त्या जिल्ह्यात धर्म बदलणारा माणूस फसलेला किंवा विकला गेलेलाच असणार असं धरून चालणं, हा त्या माणसाच्या अकलेचा अपमान आहे. जबरदस्तीने किंवा फसवून कुणाचा धर्म बदलू नये, हे मलाही मान्य आहे. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाबद्दलही बोला. त्यानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्धांना आहे. दलित माणूस ख्रिस्ती झाला की तो जातो. जात मात्र जात नाही. मग दाखला टिकवण्यासाठी घराघरात बाप्तिस्मा लपवला जातो, आणि त्यालाच पुन्हा फसवणूक म्हटलं जातं. लेकराच्या फीसाठी लपवणाऱ्या बापाला मी इथून बोल लावणार नाही. खोटं बोलणं भाग पाडणारा नियम आधी बदला.

मात्र खुद्द चर्च जेव्हा लपवतं तेव्हा मला गय करता येत नाही. ख्रिस्ती शिबिरं चालवणाऱ्या जॉन स्माइथ या माणसाने शंभराहून अधिक मुलांवर आणि तरुणांवर केलेले अत्याचार इथल्या चर्चमधल्या लोकांनी वर्षानुवर्षं दडपले. तो २०१८ मध्ये खटल्याविनाच मेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच प्रकरणात कँटरबरीच्या आर्चबिशपांनी राजीनामा जाहीर केला. आपल्याकडे चर्चच्या जमिनींवरून कोर्टकचेऱ्या चालतात आणि मंडळीतल्या साध्या माणसाला कुठला तुकडा कुणी कधी विकला हे कळत नाही. विचारलं तर "घरातलं भांडण बाहेर नको, आधीच आपल्यावर डोळा आहे" असं ऐकावं लागतं. पहारेकऱ्यांनी पैसे घेऊन तोंड मिटलं तेव्हाही त्यांना असंच सांभाळून घेण्याचं आश्वासन मिळालं होतं.

म्हणून भाच्याला माझं एक काम आहे. पुढच्या पुनरुत्थान रविवारच्या आत मंडळीच्या ट्रस्टने मालमत्तेची यादी आणि हिशेब चर्चच्या दाराशी लावावेत, असा लेखी अर्ज त्याने पाळकांकडे द्यावा. खाली पहिली सही त्याची असेल तर दुसरी माझी. नाशिकच्या त्या मंडळीत माझं नाव अजून आहे.